सातव्या वर्षाची फ्रेम

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या माणसाचे पत्र यायला सायकलशिवाय दुसरा मार्ग नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका राज्याच्या मधोमध एक उंच घाट होता. घाटाच्या अलीकडे नगर होते आणि पलीकडे चाळीस वाड्या होत्या. नगरातून डाकेची थैली पाठीवर बांधून डाकस्वार निघे आणि सायकलवरून घाट चढून पलीकडे जाई. त्यामुळे त्या राज्यात सोनारापेक्षा सायकलची फ्रेम बनवणाऱ्याला जास्त मान होता.

डाकघराच्या दारात एक मोठा काळा दगड होता. ज्या कारागिराची नवी फ्रेम चैत्रातल्या चाचणीत घाट चढून परत येई, त्याची छाप त्या दगडावर गेरूने काढत. सलग सात वर्षे त्याची फ्रेम परत आली, की सातव्या वर्षी ती छाप छिन्नीने कोरत. कोरलेली छाप कायमची. मध्ये एक वर्ष जरी चुकले, तर ओले फडके घेऊन गेरू पुसून टाकत.

त्या नगरात एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत होते. बहिणीला सगळे नगर अक्का म्हणे. अक्का पोलादाच्या फ्रेमी बनवायची. नळ्या कापायची, कानस मारायची, पितळेच्या डाखाने सांधे जोडायची. तिच्या सांध्यावरून नख फिरवले तर कुठे अडकत नसे. तिची छाप म्हणजे एक सुगरण पक्षी, पंख मिटून बसलेला. दगडावर तो गेरूचा पक्षी सहा वर्षे बसून होता.

सातव्या वर्षी, चैत्राला महिना असताना, अक्का तापाने गेली. चार दिवसांत गेली. शेवटची फ्रेम तिने पुरी केली होती. तिला रंग तेवढा द्यायचा राहिला होता.

धाकट्याच्या पायात जोर होता आणि डोक्यात घाई होती. त्याला फ्रेम बनवता येत नव्हती. अक्का शिकवायला बसली की तो सायकल काढून पळून जायचा. आता तो भट्टीसमोर नुसता बसून राही. भट्टीचा भाता ओढणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना तो मामा म्हणत असे. मामा रोज यायचे, थंड भट्टी झाडायचे आणि जायचे.

एक दिवस नगरातले शेटजी दारात आले. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा खांद्यावर एक काळी फ्रेम घेऊन उभा होता. समुद्रापलीकडच्या कोणा कारागिराने काळे धागे राळेत बुडवून, साच्यात दाबून ती बनवली होती.

शेटजी म्हणाले, "बाळ, झाले ते वाईट झाले. पण आता पुढचे बघ. माझ्याकडे अशा दोन फ्रेमी आहेत. एक हा चालवेल, दुसरी तू घे. तुझे पाय आणि ही फ्रेम, डाकस्वाराची जागा तुझीच."

धाकट्याने ती फ्रेम हातात घेतली. रिकामी टोपली उचलावी तशी ती वर आली. त्याने नळीवर बोटाचे पेर वाजवले. थप्प, असा आवाज झाला. मग त्याने भिंतीवरच्या अक्काच्या फ्रेमवर पेर वाजवले. ती बराच वेळ वाजत राहिली.

"मी हीच नेणार," तो म्हणाला.

शेटजींचा मुलगा हसला. "अरे, वजन तर बघ. घाट चढायचाय, विहीर नाही खणायची."

"तू तुझी चालव. मी माझ्या अक्काची चालवीन."

ते गेल्यावर मामा म्हणाले, "निवडलीस ती बरोबर निवडलीस. पण का निवडलीस ते तुला ठाऊक नाही."

"अक्काची आहे म्हणून निवडली. आणखी काय पाहिजे?"

"तेवढ्यावर घाट चढत नाही रे," मामा म्हणाले आणि झाडू घेऊन भट्टीकडे वळले.

चाचणीच्या आदल्या दिवशी नगरात करंगळीचा तोल होत असे. ही त्या लोकांची जुनी रीत. स्वाराने आपली फ्रेम एका करंगळीवर लटकवून धरायची आणि जमलेल्या लोकांनी एक ते वीस आकडे मोठ्याने मोजायचे. वीसपर्यंत बोट सरळ राहिले, तर फ्रेमला झेंडूचा हार. फ्रेमवर बसणारा माणूस आणि पाठीवरची थैली मिळून फ्रेमच्या तीसपट भरतात, हे त्या चौकात कोणाच्या ध्यानात येत नसे. माणसांना सगळे कळते, पण गर्दीत मोजायला लागली की चुकीची गोष्ट मोजतात.

शेटजींच्या मुलाने काळी फ्रेम करंगळीवर धरली. लोकांनी वीस मोजले. त्याने आणखी पाच स्वतःच मोजले आणि जांभई दिली. लोक खूश झाले.

मग धाकटा पुढे आला. अक्काची फ्रेम सव्वादोन शेर भरत होती. दहापर्यंत ठीक होते. बाराला करंगळी थरथरली. चौदाला वाकली आणि फ्रेम त्याला दुसऱ्या हाताने सावरावी लागली.

"अरे, बैलगाडीचे जोखड चुकून आणले वाटते," कोणीतरी म्हणाले.

"नाही, नाही," दुसरा म्हणाला, "अक्काने तापात दोन नळ्या जास्त लावल्या असतील."

पहिल्या बोलण्याचे त्याला काही वाटले नाही. दुसरे त्याला लागले. तो फ्रेम घेऊन तडक घरी आला. दुपारची वेळ होती. त्याने अक्काची कानस खाली काढली.

फ्रेमला आठ सांधे होते. प्रत्येक सांध्यावर नळ्यांभोवती पोलादाची एक जाड गळपट्टी होती. धाकट्याला वाटले, एवढी जाडी फुकटची आहे. सगळीकडून थोडी थोडी घासली, तर अर्धा शेर तरी उतरेल. मग बघू कोण हसते ते. त्याने हँडलखालचा सांधा धरला आणि कानस मारायला सुरुवात केली. रागाने मारत होता, म्हणून काम भराभर होत होते. पोलादाचा कीस उडत होता. गळपट्टी पातळ झाली, मग कागदासारखी झाली. मग त्याखालचे पितळ दिसू लागले आणि कानस नळीत घुसली.

मामा दारात आले आणि थांबले. त्यांनी त्याच्या हातातून कानस काढून घेतली. ओरडले नाहीत.

"हँडलखालचाच सांधा सापडला का तुला?" ते म्हणाले. "उतारावर सगळा भार इथे येतो. तिने इथे जाड ठेवले, ते विसरून ठेवले होते का?"

धाकट्याने सांध्याकडे पाहिले. आपण काय केले ते त्याला तेव्हा कळले. अक्काच्या हातचे जे शेवटचे काम होते, ते त्याने आपल्या हाताने नासवले होते. तो तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. अक्का गेली त्या दिवसापासून तो रडला नव्हता.

मामांनी त्याला रडू दिले. मग म्हणाले, "झाले असेल तर ऊठ आणि भाता ओढ. काळ्या फ्रेमला असे केले असतेस तर मी हात जोडून घरी गेलो असतो. हे पोलाद आहे. हे माफ करते."

महिनाभर थंड असलेली भट्टी पेटली. धाकट्याने भाता ओढला. मामांनी पोलादाची पट्टी वाकवून सांध्याभोवती बसवली, पितळ नीट धरावे म्हणून सवागी टाकली आणि पितळ वितळवून आत सोडले. ते काम भक्कम झाले, पण देखणे झाले नाही. मामांचा हात म्हातारा होता. सांध्यावर पितळेचा एक गोळा राहिला, गळ्यात गाठ आल्यासारखा. वजनही पहिल्यापेक्षा वाढले.

"यावर काळा रंग मारतो," मामा हळूच म्हणाले. "दुसऱ्याचा हात लागलेली फ्रेम त्या कारागिराची धरत नाहीत. नियम आहे. दिसले नाही म्हणजे झाले."

धाकट्याने मान डोलावली. फ्रेम सगळी काळी रंगवली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना सात स्वार निघाले. प्रत्येकाच्या पाठीवर डाकेची थैली होती. घाट चढायचा, माथ्यावरच्या वाडीत थैलीवर मोहोर मारून घ्यायची आणि थैलीसकट परत यायचे, एवढीच चाचणी; जो परत येई, तो डाकस्वार होई. चढावर शेटजींच्या मुलाची हलकी फ्रेम आणि बाकीचे स्वार पुढे गेले. धाकटा मागे पडला. पण त्याला एक गोष्ट जाणवू लागली. रस्ता दगडगोट्यांचा होता आणि तरी त्याचे मनगट दुखत नव्हते. खालून आलेला धक्का फ्रेम आपल्यात घेत होती आणि वर थोडाच पोचू देत होती. अक्का म्हणायची, चांगली फ्रेम स्वाराच्या बाजूने भांडते. तेव्हा त्याला ते नुसते बोलणे वाटायचे.

माथ्यावर मोहोर घेऊन तो उताराला लागला, तेव्हा शेटजींचा मुलगा त्याच्या थोडाच पुढे होता. वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. मुलाने त्यांना वाचवायला सायकल वळवली आणि तो दगडांवर पडला. धाकटा त्याच्यावर जाऊन आदळला. शेळ्या बाजूने निघून गेल्या.

दोघांची ढोपरे फुटली होती, बाकी ठीक होते. मुलगा उठला आणि धाकट्याच्या सायकलकडे बघून म्हणाला, "तुझी बघ, केळ्यासारखी वाकली."

खरेच, पुढचे चाक धरणारा चिमटा अंगठाभर मागे गेला होता.

"वाकली तर वाकली," धाकटा म्हणाला. "तुझी?"

"माझ्या फ्रेमवर ओरखडासुद्धा नाही." मुलगा सायकलवर बसला आणि त्याने पाय मारला. कट्, असा एकच आवाज झाला. खालची नळी मधोमध तुटली. तुटायच्या आधी ती काही बोलली नाही. मुलगा दोन तुकड्यांकडे पाहत उभा राहिला.

"हे कुठे जोडतात?" त्याने विचारले. धाकट्याला माहीत नव्हते. मुलालाही नव्हते.

त्या वळणाखाली चार घरांची वस्ती होती आणि तिथे विळे-कोयते घडवणारा एक लोहार होता. धाकट्याने सायकल त्याच्यापुढे नेली. लोहार म्हणाला, "सायकलमधले मला काही कळत नाही बाबा. पोलादातले कळते." त्याने चिमटा थोडा तापवला, लाकडी ठोकळ्यावर धरला, सहा घाव घातले, एक डोळा मिटून पाहिले आणि सातवा घातला. चाक पुन्हा सरळ फिरू लागले.

धाकटा परत वळणावर गेला. "तुझी थैली दे," तो मुलाला म्हणाला.

"का? तुला काय पडलेय?"

"आत चिठ्ठ्या आहेत. त्या तुझ्या बापाच्या नाहीत."

मुलाने थैली दिली. एक पाठीवर, एक पोटावर बांधून धाकटा उतरला. वेगात खाली जाताना हँडलखालचा सांधा हलला नाही, कुरकुरला नाही. पाच स्वार परत आले होते. तो सहावा आला, सगळ्यांच्या मागून, दोन थैल्या घेऊन.

डाकघराच्या दारात सगळे नगर जमले होते. दगडाच्या एका बाजूला छिन्नी घेऊन पाथरवट बसला होता आणि दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्याची बादली होती. डाकप्रमुख बाई वयस्क होत्या. त्यांनी स्वतः तरुणपणी बारा वर्षे घाट चढला होता. त्या प्रत्येक फ्रेमवरून बोट फिरवत होत्या. अक्काच्या फ्रेमपाशी त्या बराच वेळ थांबल्या. एक सांधा, दुसरा, तिसरा. त्यांचे बोट कुठे अडकले नाही. मग त्या हँडलखाली आल्या.

"सात सांधे लोण्यासारखे आहेत," त्या म्हणाल्या. "हा एक मात्र बिघडलाय. बिचारीचा तापात हात चुकला असणार. असू दे. फ्रेम परत आली आहे. कोरा सुगरण."

पाथरवटाने छिन्नी उचलली. एवढ्यासाठीच तर सगळे केले होते. धाकट्याने फक्त गप्प राहायचे होते.

त्याला गप्प राहवले नाही. तो घाटात पडला होता, लोक त्याला हसले होते, ते सगळे त्याला चालले. पण तो ओबडधोबड सांधा अक्काच्या नावावर कायमचा कोरला जावा, हे त्याला चालेना.

"थांबा," तो म्हणाला. "तिचा हात चुकला नाही. तिचा हात कधीच चुकला नाही. तो सांधा मी घासून खराब केला आणि मामांनी पुन्हा जोडला."

मामांनी डोळे मिटून घेतले.

शेटजी पुढे आले. "मग प्रश्नच मिटला. दुसऱ्याचा हात लागला आहे. नियम म्हणजे नियम. फडके घ्या."

डाकप्रमुख बाईंनी धाकट्याकडे पाहिले. "तुला माहीत होता नियम?"

"होता."

"मग बोललास का?"

"तुम्ही तिला बिचारी म्हणालात म्हणून."

बाईंनी फडक्याकडे हात केला. तेव्हा मामा गर्दीतून वाट काढत आले.

"बाई, पुसा. पण मग त्या जागी माझी छाप काढा. सांधा मी जोडलाय."

"तुमची? तुम्ही तर भाता ओढता."

"पंचवीस वर्षे भाताच ओढत होतो. अक्काच्या बापाच्या वेळेपासून. कोणी मला कधी पितळेला हात लावू दिला नाही. तिच्या हातात भट्टी आली आणि पहिल्याच दिवशी ती म्हणाली, मामा, इकडे या. माझ्या नातीच्या वयाची पोर. रोज संध्याकाळी माझ्याकडून एक सांधा करून घ्यायची, डोळ्यापाशी धरायची आणि म्हणायची, तोडा."

"किती तोडलेत?"

"मोजले नाहीत. सहा वर्षांचे किती होतात ते तुम्हीच बघा. हा पहिला सांधा, जो तोडायला सांगायला ती नव्हती." मामांनी हँडलखालच्या सांध्यावर बोट ठेवले. "देखणा नाही, ठाऊक आहे मला. पण दोन थैल्या घेऊन उतरलाय. आता याला दुसऱ्याचा हात म्हणायचे की तिचा, ते तुम्ही सांगा. मला तर माझा हातसुद्धा तिनेच करून दिला, असे वाटते."

तेवढ्यात शेटजींचा मुलगा पायी चालत चौकात आला. त्याच्या खांद्यावर काळ्या फ्रेमचे दोन तुकडे होते. त्याने ते बापापुढे ठेवले.

बाईंनी विचारले, "शेटजी, ही कोण जोडेल?"

"समुद्रापलीकडे पाठवावी लागेल," शेटजी म्हणाले.

"किती दिवस?"

मुलगाच म्हणाला, "बाबा, तिकडे हिला कोणी जोडत नाहीत. नवी देतात."

"आणि तोवर चाळीस वाड्यांनी पत्रांचे काय करायचे?" बाई म्हणाल्या. मग त्या लोकांकडे वळल्या. "मी बारा वर्षे घाट चढले. माझी फ्रेम नऊ वेळा मोडली आणि नऊ वेळा वाटेतल्या कोणीतरी जोडली. आपला नियम दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवणाऱ्या लबाडांसाठी आहे. स्वतःचे काम दुसऱ्याला शिकवून गेलेल्या बाईसाठी नाही." त्यांनी बादली पायाने बाजूला सारली. "कोरा."

पाथरवटाने छिन्नी लावली. पहिला घाव पडला तसा गेरू उडाला आणि खालचा दगड पांढरा दिसू लागला. धाकटा मान ताठ करून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्याने ते पुसले नाही. माझी अक्का, एवढेच त्याने शेजारच्या माणसाला सांगितले. शेजारच्याला ठाऊक होतेच. तरी त्याने पुन्हा सांगितले.

तो डाकस्वार झाला. ती फ्रेम त्याने पुढे एकोणीस वर्षे चालवली. ती चार वेळा वाकली आणि दोनदा तडकली. दर वेळी तडा आधी रंगातून दिसायचा, फ्रेम कुरकुरायची आणि तो वेळेवर उतरायचा. घाटातल्या कोणत्याही लोहाराकडे ती जोडून मिळायची. संध्याकाळी तो मामांच्या शेजारी बसून सांधे जोडायला शिकू लागला. पहिली दोन वर्षे मामा त्याला रोज एकच शब्द सांगत: तोड. मग एके दिवशी मामांनी त्याचा सांधा डोळ्यापाशी धरला आणि भिंतीवर टांगला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीतून घ्यायचे ते इतकेच: निवडताना असे निवडा, जे मोडले तर आपल्याच माणसांच्या हातांनी पुन्हा उभे राहील.